सबलो तिकिटावर विमानाने निघताना कपडे कसे घालावेत: नाशिककर कुटुंबांसाठी सविस्तर मार्गदर्शन

माझे बाबा ओझरला एचएएलमध्ये, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये, नोकरीला होते. मिग लढाऊ विमानं बांधण्यासाठी 1964 साली उभ्या राहिलेल्या त्या कारखान्यात त्यांनी आयुष्य काढलं, पण प्रवासी विमानात ते पहिल्यांदा बसले ते निवृत्तीनंतर, माझ्या पासावर, म्हणजे विमान कंपनी कर्मचाऱ्याच्या घरच्यांना देते त्या सवलतीच्या तिकिटावर. त्या दिवशी पहाटे साडेतीनला ते दारात तयार उभे होते. अंगात बंडी, त्यावर स्वेटर, खाली घरात घालायचा नाडीचा पायजमा आणि पायात रबरी चप्पल. लांबचा प्रवास सैल कपड्यांत करायचा, हा त्यांचा नेहमीचा शिरस्ता. मी त्यांना परत आत पाठवलं तेव्हा ते चिडले. "तिकीट काढून जाणारी माणसं बर्म्युडा घालून बसतात. मग आम्हालाच हे नियम का?"

प्रश्न रास्त होता. विमान कंपनीत नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न घरच्यांकडून कधी ना कधी ऐकावा लागतो. मी मुंबई विमानतळावर ग्राउंड स्टाफमध्ये आहे. चेक-इन काउंटर आणि गेट अशा दोन्ही ठिकाणी काम केलंय, आणि सुट्टी मिळाली की स्वतःही अशाच पासावर, म्हणजे सबलो तिकिटावर, रांगेत उभी राहते. घर सिडकोत, म्हणजे आपल्या नवीन नाशकात. माझ्या ओळखीतच चार-पाच घरांतली मुलं-मुली एअरलाइनमध्ये आहेत आणि त्यांचे आई-वडील पासावर फिरतात. त्यांना फोनवर तुकड्यातुकड्यानं सांगत आले ते एकदाच नीट लिहून काढते.

आधी पास म्हणजे काय ते समजून घ्या

सबलो म्हणजे सब्जेक्ट टू लोड. विमानात जागा उरली तर तुम्हाला मिळणार, नाही तर नाही. कर्मचाऱ्याला आणि त्याच्या घरच्यांना हे तिकीट अगदी कमी पैशांत मिळतं. भाड्यात नव्वद टक्के सवलत असेल तर त्याला आयडी नाइन्टी म्हणतात. दुसऱ्या कंपनीच्या विमानानं जायचं असेल तर बहुतेक वेळा झेड भाड्याचं तिकीट निघतं. त्यात अंतराच्या टप्प्यांनुसार पैसे ठरलेले असतात. तिकीट काढलं की त्या विमानावर नाव लिस्ट करायचं, म्हणजे प्रतीक्षेच्या यादीत टाकायचं. यादीतला क्रम नोकरीची वर्षं, कर्मचारी स्वतः आहे की नातेवाईक, आपल्या कंपनीचा की बाहेरच्या, अशा गोष्टींवर ठरतो.

विमानतळावर पोचल्यावर काउंटरवरचा एजंट तुम्हाला थांबायला सांगतो. पैसे भरलेले प्रवासी येऊन गेले, काउंटर बंद व्हायची वेळ झाली, की मग उरलेल्या जागा यादीप्रमाणे वाटल्या जातात. याला आम्ही क्लिअर होणं म्हणतो. कधी काउंटरवर क्लिअर होतं, कधी थेट गेटवर.

कपड्यांचा संबंध इथे येतो. एजंटच्या स्क्रीनवर तुमच्या नावापुढे स्टाफ पास असं दिसत असतं. तिकीट काढताना कर्मचाऱ्यानं ज्या अटी मान्य केलेल्या असतात, त्यांत पेहरावाची अटही असते. त्यामुळे कपडे नियमात बसत नसतील तर जागा असूनही एजंट तुम्हाला थांबवू शकतो. आणि त्याची नोंद तुमच्या नावावर होत नाही, ज्याच्या पासावर तुम्ही आलात त्या कर्मचाऱ्याच्या नावावर होते. पास काही महिन्यांसाठी बंद होऊ शकतो. बाबांना मी हेच सांगितलं: "तुम्ही पायजमा घातलात तर उत्तर मला द्यावं लागेल." ते काही न बोलता पॅन्ट बदलून आले.

हे नियम किती गंभीरपणे घेतले जातात याचं जगजाहीर उदाहरण 26 मार्च 2017 चं आहे. अमेरिकेत डेन्व्हरहून मिनिआपोलिसला जाणाऱ्या युनायटेड एअरलाइन्सच्या विमानात दोन मुलींना लेगिंग्ज घातल्यामुळे चढू दिलं नाही. बातमी सगळीकडे पसरली, लोक भडकले. त्यावर कंपनीनं खुलासा केला की त्या मुली कर्मचाऱ्यांच्या पासावर होत्या. तिकीट काढून येणाऱ्यांनी लेगिंग्ज घातल्या तर आपली काही हरकत नाही, असंही कंपनीनं सांगितलं. त्या वेळच्या त्यांच्या नियमांत पोट उघडं पडणारे कपडे, आतले कपडे दिसतील असे कपडे, झोपायचे किंवा पोहायचे कपडे, मिनी स्कर्ट, अंगाला चिकटणारे लायक्राचे कपडे, फाटके-मळके कपडे, आक्षेपार्ह मजकूर छापलेले टी-शर्ट आणि समुद्रकिनाऱ्यावर घालतात तशा रबरी चपला, अशा गोष्टींना मनाई होती. नियम कंपनीगणिक बदलतात आणि गेल्या काही वर्षांत बरेच सैलही झाले आहेत. तरी ही यादी डोक्यात ठेवली तर बहुतेक कुठेच अडत नाही.

पहिलं काम: विमान कोणाचं आहे ते बघा

नियम लागतो तो विमान ज्या कंपनीचं आहे तिचा. तुमची मुलगी एका कंपनीत असेल आणि झेड तिकिटावर तुम्ही दुसऱ्याच कंपनीच्या विमानानं निघाला असाल, तर त्या दुसऱ्या कंपनीचा नियम पाळायचा. कर्मचाऱ्यांच्या पोर्टलवर तिकीट काढताना हा नियम वाचायला मिळतो. तो मुलांनी वाचावा आणि घरच्यांना मराठीत, वाक्यावाक्यानं सांगावा. "नीट कपडे घाला" एवढं सांगून भागत नाही. आपल्या आई-वडिलांसाठी नीट कपडे म्हणजे स्वच्छ कपडे, आणि नुकताच धुतलेला पायजमा त्यांच्या दृष्टीनं स्वच्छच असतो.

प्रवासात दोन कंपन्यांची विमानं असतील, समजा दिल्लीपर्यंत एक आणि पुढे दुसरी, तर दोन्हींतला जो नियम जास्त कडक असेल तो घरातून निघतानाच धरायचा. मध्ये बदलायला वेळ मिळेल हे गृहीत धरू नका.

दुसरं काम: एक जोड कायमचा पासासाठी ठेवा

आमच्या घरी आता कपाटात एका बाजूला पासाचे कपडे वेगळे असतात. लग्नकार्याचे भारी कपडे यासाठी लागत नाहीत आणि नवी खरेदीही फारशी करावी लागत नाही.

पुरुषांसाठी गडद रंगाची फॉर्मल पॅन्ट, कॉलरचा शर्ट, पट्टा आणि बंद बूट. पॅन्ट टेरिकॉटची किंवा सुती-पॉलिस्टर मिश्र कापडाची बघा. शुद्ध सुती पॅन्ट इस्त्री करून घातली की झकास दिसते, पण इगतपुरी येईपर्यंत मांडीवर आणि गुडघ्यामागे तिच्या चुण्या पडतात. मिश्र कापड चार-पाच तास बसूनही बऱ्यापैकी सरळ राहतं. शर्ट फिक्या रंगाचा, बारीक चौकडीचा असेल तर उत्तम, कारण चौकडीत सुरकुती लपते. पांढराशुभ्र शर्ट टाळा. रस्त्यात चहा सांडला की बदलण्यावाचून इलाज नसतो.

वयस्क मंडळी सदरा-लेंगाच घालतात, त्यांचं काय, असं अनेक जण विचारतात. इस्त्रीचा सदरा, स्वच्छ लेंगा आणि वर जाकीट हा आपला रीतसर पोशाख आहे. आपल्याकडच्या विमानांत त्याला कोणी हरकत घेतलेली मी पाहिली नाही. फक्त कापड पारदर्शक नसावं, नाडी बाहेर लोंबू नये आणि पायात रबरी चप्पल नसावी. कोल्हापुरी चालते, पण तिच्याविषयी पुढे सांगते. माझे काका टोपी, सदरा आणि लेंगा याच वेशात दिल्लीला जाऊन आले. काउंटरवरच्या मुलीनं त्यांना उठून नमस्कार केला, हे ते अजून सांगतात.

बायकांसाठी साडी किंवा सलवार-कमीज यांत काहीच अडचण नाही. साडी नेसायची तर सिल्क-कॉटनसारखी हलकी, अंगावर बसणारी निवडा. पैठणी नको. येवल्याची पैठणी नेसून आईनं एकदा प्रवास केला. विमानतळाच्या सरकत्या जिन्यावर पदराचं जरीचं टोक अडकायला लागलं आणि मी मागून ओढून धरलं म्हणून वाचलं. साडीला लावलेल्या सेफ्टी पिना मोजून लावा. सुरक्षा तपासणीत त्यामुळे यंत्र वाजतं आणि आत बाजूला घेऊन तपासणी होते. दोन पिनांत साडी नीट बसत असेल तर पाच लावू नका.

कुर्त्याखाली लेगिंग्ज हा आपल्याकडे मुली-बायकांचा रोजचा वेश आहे आणि कुर्ता गुडघ्यापर्यंत असेल तर तो सहसा सगळीकडे चालतो. कुर्ता कमरेपाशी संपत असेल तर मात्र तीच लेगिंग्ज चिकट कपड्यांत मोजली जाते. अशा वेळी सरळ पलाझो किंवा सलवार घाला.

कॉलेजच्या मुलांशी आधीच बोला

यावर मी थोडं सविस्तर लिहिणार आहे, कारण आमच्या घरी फटका इथेच बसला.

माझा धाकटा भाऊ दिल्लीहून परत येत होता. जाताना मी स्वतः त्याचे कपडे बघितले होते, येताना कोण बघणार? गुडघ्यावर फाटलेली जीन्स, छापील टी-शर्ट आणि पायात फ्लोटर्स. गेटवरच्या एजंटनं त्याला विचारलं, दुसरी पॅन्ट आहे का? बॅगेत होती ती बर्म्युडा. विमानात सात जागा रिकाम्या होत्या. त्याच्यामागे यादीत असलेले लोक चढले आणि तो गेटवर उभा राहिला. ते रात्रीचं शेवटचं विमान होतं. तो वाद घालायला गेला, आवाज चढला, आणि एजंटनं अहवाल पाठवला. त्या एजंटला मी आजही दोष देत नाही. मी त्या जागी असते तर तेच केलं असतं. माझा पास तीन महिने बंद झाला. त्याच काळात नागपूरला मामेबहिणीचं लग्न होतं. आई-बाबा रात्रीच्या सेवाग्राम एक्सप्रेसनं बसून गेले, कारण आरक्षण मिळालं नाही. आईच्या गुडघ्यांचं दुखणं तेव्हापासून वाढलं. भावाला त्याचं अजून वाईट वाटतं.

म्हणून मुलांना स्पष्ट सांगा. फाटकी जीन्स फॅशनची असली तरी नियमात ती फाटकीच. साधी, गडद, न फाटलेली जीन्स बऱ्याच कंपन्यांच्या इकॉनॉमीत चालते, पण तीवर कॉलरचा टी-शर्ट हवा. क्रॉप टॉप, स्लीव्हलेस बनियनसारखे टॉप, हाफ पॅन्ट, ट्रॅक पॅन्ट, नाइट पॅन्ट हे सगळं बॅगेत. टी-शर्टवर इंग्रजीत काय लिहिलंय ते वाचून बघा; कित्येकदा घालणाऱ्यालाच त्याचा अर्थ ठाऊक नसतो. आणि परतीचे कपडे जातानाच वेगळ्या पिशवीत घालून द्या. ती पिशवी परत निघायच्या दिवसापर्यंत उघडायची नाही, हे त्यांच्याकडून कबूल करून घ्या. आमच्याकडे आता आणखी एक रीत आहे: विमानतळावर निघण्यापूर्वी आरशासमोर डोक्यापासून पायापर्यंतचा फोटो काढून मला पाठवायचा. मी बघून "चालेल" म्हटल्यावरच बाहेर पडायचं.

लहान मुलांच्या बाबतीत एजंट सहसा समजून घेतात. तरी कार्टूनचा नाइट ड्रेस घालून आणू नका, आणि एक जास्तीचा जोड जवळ ठेवा.

नाशिक ते मुंबई: कपडे वाचवायचे ते इथेच

मुंबईहून उडायचं असेल तर खरी परीक्षा विमानतळाआधीच्या सुमारे 170 किलोमीटरमध्ये होते. महामार्ग बसस्थानकावरून बस घ्या, नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेस पकडा किंवा गाडी करा. चार-पाच तास बसल्यावर अंगावरचे कपडे चुरगळतातच. 5 जून 2025 ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून गाडीनं जाणाऱ्यांना कसारा घाट टाळता येतो, पण पुढे भिवंडी-ठाण्याच्या कोंडीत किती वेळ जाईल ते सांगता येत नाही.

माझी पद्धत अशी आहे. प्रवासात सैल, साधे कपडे घालायचे आणि पासाचा जोड बॅगेत सर्वांत वर ठेवायचा. शर्टाची घडी घालू नका, गुंडाळी करा. सुती पंचा पलंगावर पसरा. त्यावर इस्त्रीची पॅन्ट शिवण जुळवून ठेवा. पॅन्टवर शर्ट उलटा ठेवा, गुंड्या लावलेल्या, बाह्या पाठीवर सरळ दुमडलेल्या. मग खालच्या टोकाकडून पंच्यासकट हलक्या हातानं गुंडाळत न्या, वळकटीसारखं. कॉलर शेवटी बाहेरच्या बाजूला राहायला हवी, म्हणजे ती दबत नाही. ही गुंडाळी प्लास्टिकच्या पिशवीत घालून बॅगेत आडवी ठेवा. पाच तासांनी उघडलं तरी शर्ट इस्त्रीवाल्यानं आताच दिल्यासारखा निघतो. कपडे बदलल्यावर तोच पंचा तोंड पुसायला कामी येतो.

बदलायचं कुठे? टर्मिनलमध्ये शिरलात की काउंटरकडे जाण्याआधी प्रसाधनगृहात. हा क्रम चुकवू नका. अनेक जण म्हणतात, आधी नाव लावून येऊ, मग निवांत बदलू. पण एजंट तुम्हाला पहिल्यांदा बघतो ते काउंटरवरच, आणि त्याच नजरेत तो ठरवतो की या माणसाला पुढे काही सांगावं लागणार आहे की नाही. शिवाय नाव कधी पुकारलं जाईल याचा नेम नसतो. पुकारलं तेव्हा तुम्ही एका पायात पॅन्ट घालून उभे असाल तर जागा पुढच्याला जाते.

कपडे बदलताना तोंड धुवा, केस विंचरा. घामाचा वास येत असेल तर बनियनही बदला. अत्तर किंवा स्प्रे भरपूर मारू नका. बंद केबिनमध्ये शेजारच्याला त्याचा त्रास होतो, आणि त्याच्या तक्रारीनंतर तुमचा सीट नंबर बघितला जातो.

ओझरहून उडताना

ओझर विमानतळ शहरापासून वीस-बावीस किलोमीटरवर, त्यामुळे घरूनच तयार होऊन निघता येतं. इथे अडचण वेगळी आहे. एटीआरसारख्या छोट्या विमानात जागा सत्तर-अठ्ठ्याहत्तरच असतात, आणि कधी कधी जागा रिकामी दिसत असूनही वजनाच्या हिशेबामुळे पासवाल्याला नेता येत नाही. उन्हाळ्याच्या दुपारी हा प्रश्न जास्त येतो, कारण तापलेल्या विरळ हवेत विमानाची उचलण्याची ताकद कमी होते. तेव्हा भरपूर नटून गेलात आणि घरी परत आलात, असं झालं तर त्यात एजंटचा काही दोष नसतो.

एटीआरला मागच्या दारानं, अरुंद जिन्यावरून चढायचं असतं आणि तिथे वारा असतो. ओढणीला गाठ मारा किंवा ती बॅगेत ठेवा, पदर कमरेला खोचा. टोपी हातात धरा. उंच टाचांच्या सँडल त्या जिन्यावर नकोतच.

पायताण आणि पट्टा

पासावरचा प्रवासी बऱ्याचदा शेवटी क्लिअर होतो. म्हणजे बाकीचे लोक आरामात चालत गेले ते अंतर तुम्हाला पंधरा-वीस मिनिटांत, सुरक्षा तपासणीसकट कापायचं असतं. मुंबईच्या टी-टू टर्मिनलवर हे अंतर मोठं आहे. म्हणून बूट असे हवेत ज्यांत पळता येईल. लेस नसलेले, पाय सरकवून घालायचे काळे लोफर सर्वांत सोयीचे. तपासणीत बूट काढायला सांगितले तरी वेळ जात नाही. कोल्हापुरी नियमात बसते, पण गुळगुळीत फरशीवर ती घसरते आणि नवी असेल तर चावते. वर्षभर वापरून मऊ झालेलीच घाला.

बूट अर्धा नंबर सैल असू द्या. विमानात तासन् तास बसून पाय सुजतात, आणि घट्ट बूट एकदा काढला की उतरताना परत जात नाही. मोजे नेहमी जोडीनं, भोकं नसलेले.

पट्ट्याचं बक्कल छोटं ठेवा. पाकीट, मोबाइल, किल्ल्या, रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी हे सगळं खिशांत कोंबण्यापेक्षा एका छोट्या पाउचमध्ये घाला. तपासणीला पाउच ट्रेमध्ये टाकायचा, पुढे उचलायचा. बाबांनी पहिल्या वेळी खिशातून एकेक वस्तू काढली तेव्हा त्यांच्यामागे रांग थांबली होती आणि गेटवर त्यांच्या नावाचा पुकारा चालू होता.

थंडी आणि पाऊस

डिसेंबर-जानेवारीत नाशिकला पहाटे थर्मामीटर दहाच्या खाली जातो, निफाडला तर त्याहून खाली, आणि मुंबईत उतरलात की घाम. जाड स्वेटरपेक्षा शर्टावर पातळ लोकरीचं जॅकेट किंवा ब्लेझर घाला. तो काढून हातावर घेतला तरी नीटनेटका दिसतो. कानटोपी आणि मफलर बस सुटली की बॅगेत. बायकांनी शाल जरूर घ्यावी. विमानातही थंडी वाजते, आणि पासवाल्याला ब्लँकेट मिळेलच असं नाही.

पावसाळ्यात घरातून जुन्या चपला घालून निघा. इगतपुरीच्या पावसात बूट एकदा भिजले की दोन दिवस वाळत नाहीत. बूट वेगळ्या पिशवीत ठेवा, टर्मिनलच्या दाराशी बदला. पॅन्टची खालची कड चिखलानं भरू नये म्हणून दोन दुमडी वर घ्या, आणि आत गेल्यावर आठवणीनं खाली सोडा.

बिझनेस क्लासची जागा मिळाली तर

इकॉनॉमी भरली आणि पुढे जागा रिकामी असेल, तर पासाच्या प्रकारानुसार काही कंपन्या ती जागा देतात. तिथे कपड्यांचा नियम जास्त कडक असू शकतो: जीन्स नाही, स्पोर्ट्स शूज नाहीत, कॉलर हवीच. म्हणून मी सगळ्यांना सांगते, तयारी नेहमी पुढच्या जागेची करा. तुम्ही साध्या टी-शर्टवर असाल तर एजंट काही न बोलता यादीतल्या पुढच्या नावाकडे वळतो आणि आपल्या हातून काय गेलं ते आपल्याला कळतही नाही. मी स्वतः गेटवर असताना असं केलेलं आहे, आणि त्या प्रत्येक वेळी वाईट वाटलंय.

पुढे बसल्यावर शेजारच्याला आपण पासावर आहोत हे सांगू नका. त्यानं त्या जागेसाठी लाखभर रुपये मोजलेले असू शकतात. पाय मोकळे करायला बूट काढलेत तरी अनवाणी फिरू नका.

सामानही कपड्यांसोबत बघितलं जातं

चेक-इन सामान शक्यतो देऊ नका. जागा मिळेल की नाही ते शेवटपर्यंत ठरत नाही, आणि दिलेलं सामान परत काढणं सगळ्यांनाच अवघड होतं. सात किलोची एक केबिन बॅग पुरे. दोरीनं बांधलेली खोकी, दुकानाच्या चार पिशव्या, बारदान हे नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाहुण्यांसाठी द्राक्षांची पेटी न्यायचा मोह आपल्या प्रत्येकाला होतो. एकदा माझ्या आत्याच्या पिशवीत तळाची द्राक्षं चिरडली, रस झिरपला आणि मांडीवर घेतलेल्या पिशवीनं तिच्या साडीवर मोठा डाग पडला. काउंटरपर्यंत पोचायच्या आधी शालीनं झाकावा लागला. न्यायचाच तर चिवडा न्या, घट्ट झाकणाच्या डब्यात.

कर्मचाऱ्यानं स्वतः काय पाळायचं

सुट्टीवर, खासगी प्रवासात युनिफॉर्म घालून जाऊ नका, कंपनीनं परवानगी दिली असेल तरच घाला. कामासाठी जाणारा क्रू युनिफॉर्ममध्ये बसतो. तो वेगळा प्रकार. युनिफॉर्मचा अर्धा भाग, म्हणजे स्कार्फ किंवा बिल्ला, साध्या कपड्यांवर लावणं त्याहून वाईट दिसतं. ओळखपत्र जवळ ठेवा, पण गळ्यात लटकवू नका. काउंटरवर मागतील तेव्हा दाखवा. एजंटशी बोलताना "मी पण स्टाफच आहे" हे पुन्हापुन्हा सांगायची गरज नसते. त्याच्या स्क्रीनवर ते दिसत असतं.

जागा मिळाली नाही तर

पासावरच्या प्रवासाचा हाही एक रोजचा शेवट आहे. मे महिना, गणपती, दिवाळी, शुक्रवार-रविवारच्या संध्याकाळी हमखास, आणि 2027 च्या सिंहस्थात नाशिकच्या विमानांत पासावर जागा मिळणं तर फारच कठीण जाईल.

अशा वेळी रात्र टर्मिनलमध्ये काढावी लागली तर पासाचे कपडे घालून झोपू नका. प्रसाधनगृहात जा, प्रवासातले सैल कपडे परत घाला, शर्ट-पॅन्ट पंच्यात त्याच पद्धतीनं गुंडाळा. शाल अंगावर घ्या, बॅगेचा पट्टा हाताला गुंडाळा आणि खुर्चीवर पडा. मोबाइल चार्ज करून गजर लावा. सकाळच्या पहिल्या विमानाचं काउंटर उघडायच्या अर्धा तास आधी उठायचं, दाढी करायची, तोंड धुवायचं, कपडे बदलायचे आणि रांगेत पहिलं उभं राहायचं. पहिल्या विमानाला काही लोक हमखास उशिरा पोचतात, त्यामुळे त्याला जागा सुटायची शक्यता चांगली असते. बाबा गेल्या हिवाळ्यात असेच दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. काउंटरवरच्या मुलानं त्यांना विचारलं, "काका, रात्री घरी जाऊन आलात का?"